सीएनसी राउटरची मोटर अडली? नवी मोटर मागवण्याआधी हे तपासा

सीएनसी राउटरचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनचा, एखादा अक्ष चालेनासा झाला की शेडमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'मोटर गेली.' बहुतेक वेळा ती गेलेली नसते. या मशीनच्या स्टेपर मोटरमध्ये (ठरावीक लहान पावलांनी फिरणाऱ्या मोटरमध्ये) ब्रश नसतात, कॉम्युटेटर नसतो. आत दोन बेअरिंग, तांब्याची गुंडाळी आणि चुंबक बसवलेला रोटर, एवढंच. अख्ख्या मशीनमध्ये बिघडण्यासारखं सगळ्यात कमी तिच्यातच आहे. दोष सापडतो तो केबल चेनमध्ये (हलत्या केबली सांभाळणाऱ्या साखळीत) तुटलेल्या वायरीत, पॅनेलमधल्या सैल टर्मिनलमध्ये, पिनियनच्या म्हणजे लहान दातेरी चाकाच्या ढिल्या ग्रब स्क्रूत, नाहीतर मोटरला करंट देणाऱ्या ड्रायव्हरमध्ये. तरीही लोक मोटर मागवतात, चार दिवस मशीन बंद ठेवतात, नवी मोटर बसवतात आणि मशीन पुन्हा तिथेच अडतं. त्यात मोटरच्या किमतीपेक्षा थांबलेल्या ऑर्डरचं नुकसान मोठं असतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

समोर धरलंय ते आपल्याकडे फर्निचर आणि साइनबोर्डच्या कामात सर्रास दिसणारं चार बाय आठ फुटी मशीन, जे १३२५ या नावाने विकलं जातं. एक्स आणि वाय अक्षाला रॅक-पिनियन (दातेरी पट्टीवर फिरणारं पिनियन), वर-खाली जाणाऱ्या झेडला बॉलस्क्रू (छर्ऱ्यांवर चालणारा आट्यांचा दांडा), लांबीच्या वाय अक्षाला दोन्ही बाजूंना एकेक मोटर, ८६ मिमी तोंडाच्या म्हणजे नेमा ३४ स्टेपर मोटरी आणि हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर. तुमचं मशीन लहान असलं, नेमा २३ मोटरी असल्या किंवा कंट्रोलर म्हणून संगणकावरचं माक ३ सॉफ्टवेअर असलं तरी तपासण्याचा क्रम हाच.

हात लावण्याआधी

मेन स्विच बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. बिट फिरवणाऱ्या स्पिंडलच्या व्हीएफडीमध्ये (त्याचा वेग ठरवणाऱ्या यंत्रात) २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि स्विच पाडल्याबरोबर ते संपत नाहीत. व्हीएफडीवरचा दिवा पूर्ण विझू द्या. स्टेपरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटरही रिकामे होऊ द्या.

झेड अक्षाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. वीज गेली की मोटरची पकड जाते, आणि जड स्पिंडल बॉलस्क्रूवरून स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकतो. बिट टेबलात रुतलं की एका बिघाडाचे दोन झाले.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवावं असं मला मनापासून वाटतं : ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू किंवा लावू नका. गुंडाळीतून वाहणारा करंट अचानक तुटला की व्होल्टेजचा झटका उठतो आणि ड्रायव्हरचं आउटपुट जळतं. मोटर तपासायला गेलेला माणूस चांगला ड्रायव्हर घालवतो तो असा. मशीन बंद असतानाही गँट्री (स्पिंडल वाहून नेणारी आडवी कमान) जोरात ढकलू नका. फिरणारी स्टेपर जनरेटरसारखी वीज तयार करते आणि ती उलटी ड्रायव्हरमध्ये शिरते. सावकाश ढकललं तर चालतं.

आधी लक्षण नीट पाहा

ऑपरेटर सांगतो, 'एक्स चालत नाही.' एवढ्यावर काहीच ठरत नाही. वीज चालू करून स्पिंडल बंद ठेवा, बिट काढून टाका आणि त्या अक्षाला कंट्रोलरवरून एक-एक मिलिमीटर, अगदी हळू चालवून पाहा. इमर्जन्सी बटणावर दुसऱ्या माणसाचा हात असू द्या.

मोटर एकदम गप्प असेल आणि वीज चालू असूनही हाताने अक्ष सहज सरकत असेल, तर तिच्यात करंटच पोचत नाही. ड्रायव्हरला पुरवठा नाही, फ्यूज उडालाय, ड्रायव्हर फॉल्टमध्ये गेलाय किंवा इनेबलची (ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या सिग्नलची) वायर त्याला बंद ठेवतेय.

मोटर गुरगुरते, जागच्या जागी थरथरते, कधी पुढे तर कधी मागे उडी मारते : हे एक फेज तुटल्याचं लक्षण. स्टेपरला दोन फेज, म्हणजे गुंडाळीचे दोन संच, लागतात. एकच उरला तर कोणत्या दिशेला फिरायचं हे तिला कळत नाही. नुकतंच वायरिंग केलेलं असेल तर चार वायरींची जोडी चुकल्यानेही हेच होतं.

मोटर घट्ट धरून उभी आहे, पण हलत नाही आणि आवाजही नाही, तर पल्स, म्हणजे एकेक पाऊल टाकण्याचे इशारे, येत नाहीत. तपास ड्रायव्हरच्या अलीकडे, सिग्नलकडे वळवा.

मोटर चालते पण माप चुकतं, हा सगळ्यात फसवा प्रकार. त्याच्यासाठी खाली वेगळी जागा दिली आहे.

सकाळी ठीक आणि तासाभराने बंद, असं असेल तर उष्णता. पण मोटर हाताला चटका देते म्हणजे बिघडली, असं समजू नका. स्टेपर उभी असतानाही करंट घेते आणि तिचा पत्रा ७०-८० अंश सेल्सिअसपर्यंत तापणं सामान्य आहे. मोटरपेक्षा ड्रायव्हर जास्त तापतोय का आणि पॅनेलच्या पंख्याची जाळी एमडीएफच्या भुकटीने बुजली आहे का, ते आधी बघा.

यांत्रिक दोष बाजूला काढा

वीज बंद. मोटरचा बेल्ट उतरवा किंवा कपलिंग सैल करा, म्हणजे मोटर वेगळी आणि अक्ष वेगळा होईल. अक्ष हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. एखाद्या जागी जड लागतोय, खरखरतोय? रॅकच्या दातांत लाकडाचा चुरा दाबून बसलेला असतो, लिनिअर ब्लॉकला (रुळावर सरकणाऱ्या ठोकळ्याला) ग्रीस मिळालेलं नसतं, क्वचित ब्लॉकमधले छर्रे फुटलेले असतात. आता मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवा. टकटक अशी हलकी, सारखी अडचण जाणवणं हे चुंबकाचं काम आहे, दोष नव्हे. मात्र खरखर किंवा कडेकडेने हलणारा शाफ्ट म्हणजे बेअरिंग गेलं.

मग पिनियन आणि कपलिंग. पर्मनंट मार्करने शाफ्ट आणि पिनियन यांच्यावर मिळून एकच सरळ रेघ ओढा, सगळं पुन्हा जोडा आणि मशीन दहा मिनिटं वेगात पुढे-मागे पळवा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर पुढचं काहीच तपासायची गरज नाही. ग्रब स्क्रू काढा, तेल पुसा, लॉकटाइट लावून घट्ट करा. शक्य असेल तिथे शाफ्टवर चपटी जागा किंवा चावी असलेलंच पिनियन वापरा. गुळगुळीत शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूच्या भरवशावर जड गँट्री चालवणं मला पटत नाही.

अदलाबदल : सगळ्या तपासणीचा कणा

एकसारखे तीन-चार ड्रायव्हर आणि मोटरी हाताशी असणं ही या मशीनची मोठी सोय आहे. महागडं मीटर नसलं तरी त्यांच्यावर निदान होतं.

समजा एक्स बिघडलाय. वीज बंद करून एक्स आणि झेड यांच्या ड्रायव्हरवरचे मोटरचे प्लग आपसात बदला. त्याआधी दोन्ही ड्रायव्हरवरच्या, करंट आणि फेरीला किती पल्स ते ठरवणाऱ्या, लहान डीआयपी स्विचांचा फोटो काढून ठेवा. झेडची मोटर लहान असेल तर एक्सच्या ड्रायव्हरचा करंट आधी तिला झेपेल इतका खाली आणा. स्विच बदलायचे ते वीज बंद असतानाच.

आता कंट्रोलरवर एक्स दाबला की झेड हलेल आणि झेड दाबला की एक्स. त्यामुळे होमिंग (अक्षांना आपोआप शून्यावर नेणं) चुकूनही करू नका आणि मिलिमीटरच्याच पावलांनी चला.

झेड दाबल्यावर एक्सची मोटर तशीच थरथरत असेल, तर चांगला ड्रायव्हर मिळूनही ती चालली नाही. दोष मोटरमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये. उलट एक्सची मोटर छान चालली आणि झेडची बिघडली, तर दोष एक्सच्या ड्रायव्हरमध्ये किंवा त्याच्या अलीकडच्या सिग्नलमध्ये. मोटरचे प्लग मूळ जागी लावा आणि आता दोन्ही ड्रायव्हरच्या सिग्नलच्या वायरी आपसात बदला. दोष सिग्नलबरोबर सरकला तर कंट्रोलर किंवा त्याची वायर, जागेवरच राहिला तर ड्रायव्हर.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वायरमन घाईत प्लग, सिग्नल आणि सेटिंग एकदम बदलतो. मशीन चालू होतं, पण कशाने ते कोणालाच सांगता येत नाही, आणि आठवड्याने पुन्हा तेच.

वाय अक्षासाठी एक सक्त सूचना. तिथे दोन मोटरी एकच गँट्री ओढतात. एक बाजू बिघडलेली असताना दोन्ही जोडलेल्या ठेवून प्रयोग केलात तर गँट्री तिरकी होऊन अडकते आणि लिनिअर ब्लॉकवर भलता ताण येतो. दोन्ही बाजूंचे बेल्ट उतरवा आणि मोटरी मोकळ्या फिरताना पाहा. मोटर बदलल्यावर ती उलटी फिरू लागली तर एकाच फेजच्या दोन वायरी आपसात बदला. हेही बेल्ट चढवण्याआधी.

केबल आणि मोटर मीटरवर

अदलाबदलीने मोटरकडे बोट दाखवलं, तरी मोटरच्या आधी केबल. ड्रायव्हरवरून मोटरचा प्लग काढा. चार वायरी म्हणजे दोन जोड्या : ए प्लस, ए मायनस आणि बी प्लस, बी मायनस. मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही जोड्या मोजा. एवढ्या मोठ्या मोटरीत फेजचा रोध बहुतेक वेळा एक ओहमच्याही खाली असतो. स्वस्त मीटरच्या टोकांचाच रोध त्याच्या बराच जवळ जातो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून आकडा बघा आणि तो वजा करा. इथे नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही जोड्या सारख्या असणं महत्त्वाचं. एक जोडी उघडी दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर तिथे दोष आहे. ए आणि बी यांच्यात, तसंच कोणत्याही वायरीत आणि मोटरच्या पत्र्यात काहीही जोड दिसता कामा नये.

आठ वायरींच्या मोटरीत आतल्या चार गुंडाळ्या बाहेर जोडलेल्या असतात. जोडणी समांतर असेल तर मोटरजवळच्या डबीतला एक जोड सुटला तरी मोटर कमी ताकदीने चालत राहते, आणि दोष महिनोन्‌महिने कळत नाही. ती डबी उघडून बघाच.

मोटर आणि केबल वेगळी करण्याची एक पद्धत मला फार आवडते. मोटरजवळचा प्लग सोडवा. केबलच्या त्या टोकाला ए प्लस आणि ए मायनस एका लहान वायरीने जोडून टाका. पॅनेलमध्ये मीटर लावून बसा आणि दुसऱ्याला गँट्री सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला सांगा. बीप मधेच तुटला तर चेनमध्ये वायर तुटलेली आहे. मग बी जोडीसाठी हेच. मोटर जोडलेली ठेवून हे करू नये, कारण हलणारी मोटर स्वतःच वीज बनवते आणि ओहमचा आकडा खोटा दाखवते.

तुटलेली जागा डोळ्यांना दिसत नाही. वरचं प्लास्टिक शाबूत असतं. चेन उघडून केबल दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि हळूहळू दाबत, वाकवत पुढे सरका. सगळीकडे ती थोडी ताठ लागते आणि एका जागी अचानक सुतळीसारखी मऊ पडते. तिथे आतला तांब्याचा गोफ तुटलेला असतो. ही जागा बहुधा चेनच्या वळणावर किंवा चेन जिथे स्क्रूने बांधलेली असते तिच्या लगत सापडते. जोड मारून चेनमध्ये परत घालू नका, जोडाची जागा पुन्हा तुटते. अखंड केबल टाका, आणि ती चेनसाठी बनवलेली, बारीक तारांची लवचीक केबलच हवी. घरगुती वायरिंगची वायर रोज हजारो वेळा वाकण्यासाठी बनवलेली नसते.

केबल ठीक निघाली तर मोटर. शाफ्ट मोकळा करून बोटांनी फिरवा, मग ए जोडीच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावून पुन्हा फिरवा. शाफ्ट स्पष्ट जड झाला पाहिजे. बी जोडीला तितकाच जड झाला पाहिजे. एखाद्या जोडीला फरकच पडला नाही तर ती गुंडाळी उघडी आहे. काहीही न जोडता शाफ्ट आधीच जड असेल आणि बेअरिंग चांगलं असेल, तर आत गुंडाळी शॉर्ट आहे. आता खुशाल म्हणा, मोटर गेली. पण ती उघडू नका. रोटर बाहेर काढला की चुंबकाची ताकद कमी होते आणि परत बसवल्यावर मोटर पूर्वीचा जोर देत नाही.

ड्रायव्हर आणि त्याचा पुरवठा

ड्रायव्हरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. अनेक दोन फेजच्या ड्रायव्हरांत एक लुकलुक म्हणजे जादा करंट आणि दोन म्हणजे जादा व्होल्टेज, पण कंपनीनुसार खुणा बदलतात, म्हणून आपल्या ड्रायव्हरच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. जादा करंट दाखवत असेल तर प्लग काढून, मोटर न जोडता वीज द्या. तरीही लाल दिवा राहिला तर ड्रायव्हर आतून गेलाय. दिवा हिरवा झाला तर केबलमध्ये किंवा मोटरमध्ये शॉर्ट शोधा.

जादा व्होल्टेजचं कोडं जरा सविस्तर सांगतो, कारण ते रात्री छळतं. नेमा ३४ साठीचे पुष्कळ ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या ७० व्होल्ट एसीवर चालतात. त्याचे आत साधारण ९९ व्होल्ट डीसी होतात. आजूबाजूचे कारखाने बंद झाले की लाइनचं व्होल्टेज चढतं. २३० चे २५० झाले की आतले ९९ चे सुमारे १०८ होतात. त्यात धावती गँट्री एकदम थांबली की मोटर उलटी वीज फेकते. ड्रायव्हरची मर्यादा ११० असेल तर तो फॉल्टमध्ये जाणारच. दिवसा व्यवस्थित आणि रात्रपाळीत बंद पडणारं मशीन दिसलं की ट्रान्सफॉर्मरचा एक टॅप खाली घ्या आणि ॲक्सिलरेशन थोडं कमी करा.

उलट बाजूने, डस्ट कलेक्टर सुरू होताना व्होल्टेज दबतं का, हेही मशीन चालू असताना मीटरवर बघा.

इनेबलची वायर ड्रायव्हरवरून काढली तर बहुतेक ड्रायव्हर चालूच राहतात. त्यामुळे वीज बंद करून ती वायर सोडवून पाहणं हा गप्प मोटरसाठी सोपा प्रयोग आहे. पल्सच्या इनपुटला कंट्रोलर २४ व्होल्ट देतो आणि ड्रायव्हर ५ व्होल्टचा आहे, असं असेल तर मधे २ किलोओहमचा रोधक हवाच. तो विसरला तर इनपुट जळतं आणि ड्रायव्हर हिरवा दिवा दाखवत नुसता बसून राहतो.

मोटर चालते, पण माप चुकतं

आधी चूक किती आहे ते मोजा. १०० मिमी चालवून बरोबर ५० किंवा २०० मिळत असतील तर कुठेच बिघाड नाही, डीआयपी स्विच हललेत. पिनियन १.२५ मोड्यूलचं (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप), २० दातांचं आणि गिअरबॉक्स १:५ असेल तर मोटरच्या एका फेरीत अक्ष १५.७०८ मिमी सरकतो. फेरीला १६०० पल्स असतील तर कंट्रोलरमध्ये मिलिमीटरला १०१.८६ पल्स हवेत. तुमच्या मशीनचा हा आकडा काढून पॅनेलवर लिहून ठेवा.

चूक लहान आणि अनियमित असेल तर डायल गेज लावा. स्टेपर अडखळते तेव्हा ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते, म्हणजे ७.२ अंश, फेरीचा पन्नासावा भाग. वरच्या अक्षावर ते ०.३१ मिमी होतात, ५ मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर ०.१ मिमी. चूक या आकड्याच्या पटीत येत असेल तर मोटरला भार झेपत नाहीये : वेग किंवा ॲक्सिलरेशन जास्त, करंट कमी, अक्ष जड किंवा व्होल्टेज दबलेलं. याच अक्षावर मिनिटाला १० मीटर वेग म्हणजे मोटरचे सुमारे ६४० आरपीएम, आणि तिथे स्टेपरचा जोर उभ्या अवस्थेपेक्षा पुष्कळच कमी असतो. फक्त रिकाम्या धावेत माप सुटत असेल तर रॅपिडचा वेग उतरवून बघा.

चूक त्या पटीत बसत नसेल, तर पिनियनवरची मार्करची रेघ पुन्हा पाहा. ती शाबूत असेल तर पल्स कुठेतरी हरवताहेत किंवा जास्तीच्या येताहेत. स्पिंडल बंद ठेवून तीच फाइल हवेत चालवा. चूक नाहीशी झाली तर व्हीएफडीचा गोंगाट. स्पिंडलची केबल सिग्नलच्या वायरींपासून लांब न्या, शील्ड असलेली वापरा, अर्थिंग खरोखर जमिनीत पोचतंय का ते तपासा.

आणि चूक नेहमी एकाच दिशेला वाढत जात असेल, बारीक जाळीच्या कामात जास्त आणि लांब सरळ रेषांत अगदी कमी, तर दिशा बदलताना दर वेळी एखादी स्टेप जातेय. कंट्रोलर आणि ड्रायव्हर पल्सची वेगवेगळी कड वाचतात म्हणून हे होतं. कंट्रोलरमध्ये पल्सची पातळी उलटी करा. माक ३ मध्ये ती स्टेप पिनसमोरची लो ॲक्टिव्हची खूण. मोटर, केबल, ड्रायव्हर सगळं बदलूनही हा दोष जात नाही, आणि तो घालवायला एक क्लिक पुरतो.

दुरुस्तीनंतर

ग्राहकाचं लाकूड लगेच लावू नका. स्पिंडलच्या जागी पेन बांधा, टेबलावर कागद चिकटवा, एक फुली काढा, तासभर एखादी गुंतागुंतीची फाइल हवेत चालवा आणि शून्यावर परत येऊन तीच फुली पुन्हा काढा. दोन फुल्या एकच दिसल्या पाहिजेत. वाय अक्षाला हात लावला असेल तर १२०० बाय १६०० मिमीचा आयत काढून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २००० मिमी यायला हवेत. एक मोठा आणि एक लहान आला तर गँट्री तिरकी बसली आहे. एका बाजूचा बेल्ट उतरवून ती बाजू सरकवा आणि पुन्हा मोजा.

मोटर खरंच बदलायची वेळ आली तर दुकानदाराला फक्त 'नेमा ३४' सांगू नका. लेबलवरचा करंट, मोटरच्या धडाची लांबी, शाफ्टचा व्यास आणि लांबी, चावीची खाच आहे की नाही, वायरी चार की आठ, हे सगळं सांगा. नेमा ३४ मध्ये १४ मिमी आणि १२.७ मिमी असे दोन्ही शाफ्ट मिळतात. व्यास व्हर्नियरने मोजूनच ऑर्डर द्या.